बालाघाटावरचे गिअर

मांजरसुंब्याचा घाट ज्यांनी एसटीत बसून चढला आहे, त्यांना तो डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक आठवतो. बीड सोडले, पाली मागे पडली, की रस्ता डोंगराला भिडतो आणि इंजिनाचा सूर बदलतो. आधी तो जड होतो, मग दबतो, गाडीच्या पत्र्यांत थरथर सुरू होते. चालक क्लच दाबतो, क्षणभर सगळे शांत होते आणि खालचा गिअर पडताच इंजिन पुन्हा मोठ्याने ओरडू लागते. आवाज वाढतो, वेग मात्र कमी होतो. लहानपणी आम्ही मागच्या बाकावर बसून ‘आता तिसरा, आता दुसरा’ असे मोजत असू. घाट संपला, मांजरसुंब्याच्या हॉटेलांचे दिवे दिसू लागले, की मोजणीही संपे.

आवाज वाढूनही वेग का घटतो, हे पुढे शाळेत दातेरी चाकांच्या धड्यात कळले. पण त्यातून निघालेला दुसरा प्रश्न कुठल्याच धड्यात नव्हता. दुसरा गिअर नेमका एवढाच का? तिसरा आणि दुसरा यांत एवढेच अंतर का? हे आकडे कोणी तरी, कुठल्या तरी टेबलावर बसून ठरवले असणार. त्याच्या डोळ्यांसमोर कोणता घाट होता? त्या गाडीत तो कोणाला बसवत होता?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. बालाघाटाच्या रांगांनी या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला गेवराई-माजलगावचा गोदाकाठ, दक्षिणेला पाटोदा, केज, अंबाजोगाईचे पठार. खालून वर आणि वरून खाली जायचे तर मांजरसुंबा, धारूर असे घाट ओलांडावे लागतात. परळीला रेल्वे होती, पण बीड शहराला प्रवासी गाडी मिळायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तोवर धान्य, कापूस, बाजारकरी, नवरी, रुग्ण आणि दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या हे सगळे रस्त्यावरच्या गाडीनेच गेले. म्हणून या जिल्ह्याच्या वाहतुकीचा इतिहास गिअरपेटीच्या आतूनही वाचता येतो. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: गिअर निवडले एका कामासाठी, गाडी लागली दुसऱ्याच कामाला, आणि दोहोंतला फरक भरून काढला तो चालकाने आणि हौदात बसलेल्या माणसांनी.

बैलाला गिअर लागत नाही

मोटार येण्यापूर्वी घाट बैलगाडीनेच चढत. चढ अवघड असला तर पुढे आणखी एक जोडी जुंपायची, वर पोचले की सोडून परत आणायची. बैलाची एक खुबी अशी, की तो जागेवर उभा राहूनही पूर्ण जोर लावू शकतो आणि गरज पडली तर थोडा वेळ रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतो. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाला हे जमत नाही. ते एका ठरावीक वेगाच्या खाली आले की बंद पडते. त्याचा पीळ, कारखान्यात ज्याला टॉर्क म्हणतात तो, एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. त्याला जोडीला दुसरे इंजिन जुंपता येत नाही. म्हणून दातांची चाके मध्ये घालावी लागतात.

२० दातांच्या चाकाने ४० दातांचे चाक फिरवले, तर दुसऱ्याचे फेरे निम्मे होतात आणि पीळ दुप्पट होतो. याला २ चे गुणोत्तर म्हणायचे. यात फुकट काही मिळत नाही. जोर हवा तर वेग सोडा, वेग हवा तर जोर सोडा, एवढाच व्यवहार. इंजिनाचे फेरे आधी गिअरपेटीत कमी होतात आणि मग मागच्या हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनमध्ये आणखी कमी होतात. या दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार शेवटी चाकाला मिळतो.

पॅरिसच्या पानार-लव्हासोर कंपनीने १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकत्या दातेरी चाकांची गिअरपेटी रूढ केली. तिचे दात एकमेकांत बसवताना खरखराट होई. त्यावर सिंक्रोमेशचा उपाय कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली आला. या दोन सुधारणांच्या दरम्यान आणि नंतरही अभियंत्यापुढचे प्रश्न तीनच राहिले. सगळ्यात खालचा गिअर किती असावा? हे ठरवतो भरलेल्या गाडीला ज्या चढावर थांबून पुन्हा निघायचे आहे तो चढ. सगळ्यात वरचा किती असावा? हे ठरवतो सपाट रस्त्यावरचा हवा तो वेग. आणि मधल्या पायऱ्या किती, कशा पाडायच्या? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बीडच्या रस्त्यांवर वेगवेगळ्या गाड्यांतून येत गेली.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. त्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. पलीकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. तेव्हा नगरच्या सीमेला लागून असलेले बीड अजून दुसऱ्याच राज्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे इथल्या बसही एसटी महामंडळाच्या झाल्या. पण गिअरच्या निवडीची गोष्ट खऱ्या अर्थाने उलगडते ती जीपपासून.

पायदळाच्या चालीचा पहिला गिअर

जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ उत्पादकांकडे एका हलक्या गाडीची मागणी नोंदवली. त्या मागणीत वेगाची दोन टोके दिलेली होती. वरचे टोक तासाला ५० मैल. खालचे टोक तासाला ३ मैल, आणि या वेगाने गाडी तापल्याशिवाय सतत चालली पाहिजे, अशी अट. तासाला ३ मैल म्हणजे साधारण ४.८ किलोमीटर, पायी चालणाऱ्या शिपायाची चाल. म्हणजे सगळ्यात खालचा गिअर कुठल्या घाटावरून नव्हे, तर पायदळाच्या पावलांवरून ठरला. बॅन्टम या छोट्या कंपनीने २३ सप्टेंबर १९४० ला पहिला नमुना हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी लाखो जीप बनवल्या.

विलीजच्या लष्करी जीपमध्ये तीन गिअर होते: २.६६५, १.५६४ आणि १. क्राऊन-पिनियनमध्ये ८ दातांच्या पिनियनवर ३९ दातांचा क्राऊन, म्हणजे ४.८८. याखेरीज चारही चाकांना ओढ देणाऱ्या दुसऱ्या पेटीत एक जादा उतार होता, १.९७ चा. तिन्हींचा गुणाकार सुमारे २५.६ येतो. टायरचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर इंजिनाच्या मिनिटाला १,००० फेऱ्यांना गाडी तासाला ५.३ किलोमीटर चालते. फेरे थोडे उतरवले की शिपायाच्या बरोबरीने. लष्कराने मागितले तेच अभियंत्यांनी दिले.

युद्ध संपताना विलीजने हीच गाडी शेतकऱ्याला विकायचे ठरवले. १९४५ ची नागरी जीप बाहेरून लष्करी जीपसारखीच दिसे, पण आतले दात बदललेले होते. पहिला गिअर २.७९८ झाला. दुसऱ्या पेटीतला उतार १.९७ चा २.४३ झाला. क्राऊनचे दात ३९ चे ४३ झाले, म्हणजे ५.३८. एकूण गुणोत्तर २५.६ वरून ३६.६ वर गेले. आता १,००० फेऱ्यांना वेग तासाला ३.७ किलोमीटर. ही नांगराची चाल. याची किंमत वरच्या टोकाला मोजावी लागली. लष्करी जीप तासाला ६५ मैल पळे, नागरी जीपची धाव ६० मैलांवर आली. शिपायाऐवजी शेतकरी बसवला, म्हणून दात बदलले. गिअरचे गुणोत्तर ही निव्वळ यंत्राची नव्हे, तर गिऱ्हाइकाची निवड असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

हीच शेतकरी वळणाची जीप आपल्याकडे आली. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद म्हणून निघालेली कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. तिने मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप इथेच बनू लागली. तिचे इंजिन ७५ अश्वशक्तीचे, पण गिअर तेच तीन आणि क्राऊन तोच ४३ दातांचा.

गंमत अशी, की नांगराच्या चालीसाठी दात पाडलेली ही गाडी बीडमध्ये शेतकऱ्याच्या दारात उभी राहिलीच नाही. ती आली साहेबाची गाडी म्हणून. कलेक्टर, मामलेदार आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर गटविकास अधिकारी यांची. १९७२ च्या दुष्काळात हीच जीप खडी फोडण्याच्या कामांवर धुरळा उडवत फिरली. जिथे हजारो बायामाणसे हातोड्याने दगड फोडून रस्त्याची खडी करत होती, तिथे खालचा गिअर टाकून चढ चढणारी जीप म्हणजे हजेरी तपासायला आलेले सरकार. फोडलेल्या त्या खडीवरून पुढच्या काळात ट्रक धावणार होते आणि खडी फोडणारेच त्या ट्रकांत बसणार होते, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते!

डिझेल आले, दात तेच

पेट्रोल महागले आणि सत्तरच्या दशकात जीपमध्ये डिझेल इंजिन बसू लागले. महिंद्राकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतून ट्रॅक्टरचे इंजिन होतेच. त्याच जातीचे इंजिन जीपच्या बॉनेटखाली गेले. डिझेल स्वस्त, इंजिन दणकट. पण इथे गिअरचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

पेट्रोलचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेते. वरच्या गिअरमध्ये ५.३८ च्या क्राऊनवर तेवढ्या फेऱ्यांना तासाला १०० किलोमीटर मिळतात. ट्रॅक्टरच्या वळणाचे डिझेल इंजिन तितके फिरत नाही. ३,००० फेरे धरले तर ७५ किलोमीटर, आणि चालकाने इंजिनावर दया करून २,००० वर चालवली तर ५०. डिझेलला मुळात खालच्या फेऱ्यांवर पीळ असतो. त्याला वेगळा क्राऊन आणि जास्त पायऱ्यांची पेटी हवी. ऐंशीच्या दशकात प्यूजो जातीचे डिझेल इंजिन आले आणि चार गिअरच्या पेट्या रुळल्या, तेव्हा ही विसंगती बरीच मिटली.

पण तोवर आणि त्यानंतरही जुन्या तीन गिअरच्या जीप खेड्यापाड्यांच्या वाटांवर प्रवासी वाहत राहिल्या. सरकारी लिलावात घेतलेली जीप, मागे वाढवलेला सांगाडा, टपावर पोती. पुढे काळी-पिवळी म्हणून ज्या गाड्या मराठवाड्यात फिरल्या त्यांत जीप होत्या, कमांडर होत्या, पुण्याच्या आकुर्डीत बनलेल्या ट्रॅक्स होत्या. रिकामी गाडी सव्वा टनाची असेल, तर १६ माणसांचेच आणखी एक टन होते. ज्या चढावर साहेबाची जीप दुसऱ्या गिअरने जाई, तिथे हिला पहिला लागे.

आणि तीन गिअरच्या पेटीत नेमका इथेच खड्डा होता. दुसरा १.५५१, पहिला २.७९८. मधली उडी १.८ पटीची. दुसऱ्यात गाडी चढत नाही, पहिल्यात रांगते आणि इंजिन तापते. शिवाय सिंक्रोमेश फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला. पहिला टाकायचा तर डबल क्लच मारून फेरे जुळवायचे, नाही तर गाडी उभी करायची. भर चढावर गिअर बसला नाही, की गाडी ना पहिल्यात ना दुसऱ्यात, न्यूट्रलमध्ये. मग ती मागे सरकू लागते. मागे लटकलेला पोरगा उडी मारून चाकामागे दगड टाकतो. हे दृश्य पाहिले नाही असा माझ्या पिढीचा प्रवासी आमच्या तालुक्यात क्वचितच सापडेल. दोनच चाकांना ओढ असलेल्या ज्या जीप नागरी वापरासाठी विकल्या गेल्या, त्यांत ती दुसरी पेटीही नसे. मग ३६.६ चे गुणोत्तर राहत नाही. पहिला गिअर गुणिले क्राऊन, फक्त १५ उरतात. शेतकऱ्यासाठी म्हणून घातलेला उतार अशा रीतीने काढून घेतला गेला आणि माणसे मात्र वाढवली गेली.

सहाला एक्केचाळीस की साताला एक्केचाळीस

आता ट्रककडे वळू. टेल्को कंपनी १९४५ ची. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक जमशेदपूरला बनू लागले. हा करार १९६९ मध्ये संपला. दरम्यान पुण्यात पिंपरी-चिंचवडचा कारखाना उभा राहत होता. या साऱ्यामागे सुमंत मुळगावकर हा मराठी अभियंता होता. पुढे ‘टाटा’ हा शब्द आपल्याकडे ट्रकला समानार्थी झाला.

टाटाच्या जड ट्रकांत वर्षानुवर्षे चाललेली जीबीएस-४० ही पाच गिअरची पेटी पाहा. तिची गुणोत्तरे अशी: ७.५१, ३.९९, २.५०, १.५४ आणि १. एकेका आकड्याला पुढच्याने भागून पाहिले, की निवडणाऱ्याचा विचार कळतो. पाचव्या-चौथ्यात १.५४ पट, चौथ्या-तिसऱ्यात १.६२, तिसऱ्या-दुसऱ्यात १.६०. म्हणजे वरच्या पायऱ्या जवळपास सारख्या पटीच्या आहेत. तिसऱ्यात २,४०० फेऱ्यांवर असलेले इंजिन चौथा टाकताच सुमारे १,४८० वर येते. तिथेही त्याला पीळ असतो, म्हणून ते गाडी उचलते. मधला गिअर वगळून दुसऱ्यातून थेट चौथा टाकला, तर फेरे ९२५ च्या आसपास पडतील आणि चढावर इंजिन दम सोडेल. पायऱ्या सारख्या पटीच्या ठेवायच्या त्या एवढ्यासाठी, की कुठल्याही पायरीवर इंजिनाचा पाय घसरू नये.

दुसऱ्या-पहिल्यातली उडी मात्र १.८८ पटीची. हा अपवाद चुकून झालेला नाही. ७.५१ चा पहिला गिअर चालण्यासाठी नाहीच, तो उभ्या गाडीला हलवण्यासाठी आहे. भरलेला ट्रक चढावर थांबला, तर त्याला तिथून पुन्हा निघता आले पाहिजे, एवढेच त्याचे काम. चालक एरवी सपाटीवर दुसऱ्यानेच गाडी उचलतो.

पेटी एकच, पण शेवटचा आकडा गिऱ्हाइकाच्या हाती होता. मागच्या हौसिंगमध्ये ६ दातांच्या पिनियनवर ४१ चा क्राऊन बसवता येई, नाही तर ७ दातांच्या पिनियनवर ४१ चा. पहिल्याचे गुणोत्तर ६.८३, दुसऱ्याचे ५.८६. बीडमधल्या एका गॅरेजात मी या दोन्ही जोड्या शेजारी ठेवलेल्या पाहिल्या. पिनियनचा फरक फक्त एका दाताचा, हातात घेतल्याशिवाय कळतही नाही. वंगणाने काळे झालेले बोट एका जोडीवर ठेवून मिस्त्री म्हणाला, “ही डायवरची, आन् ती मालकाची.”

त्याच्या या एका वाक्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १६ टनांचा भरलेला ट्रक आणि १६ मीटरला १ मीटर चढणारा घाट धरू. वजनाचा सोळावा हिस्सा, म्हणजे १ टन, गाडीला मागे खेचतो. टायर आणि रस्ता यांच्यातला अडथळा २०० किलो धरू. एकूण ओढ १,२०० किलोची. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर, म्हणजे आसावर ६०० किलोग्रॅम-मीटर पीळ हवा. इंजिन ४० देते. भागाकार १५. वाटेत दातांच्या घर्षणात दहावा हिस्सा जातो असे मानले, तर एकूण गुणोत्तर १६.७ तरी हवे.

आता सहाच्या पिनियनवर तिसरा गिअर: ६.८३ गुणिले २.५०, म्हणजे १७.१. काम भागते, जेमतेम का होईना. साताच्या पिनियनवर तोच तिसरा गिअर १४.६ देतो. भागत नाही. दुसरा टाकावा लागतो. २,००० फेऱ्यांना पहिला ट्रक घाटात तासाला २२ किलोमीटरने चढतो, दुसरा १६ ने. सपाटीवर उलटे. पाचव्या गिअरमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना सहाचा ट्रक ५५ किलोमीटरने जातो, साताचा ६४ ने. लांब पल्ल्यावर साताचा ट्रक वेळ वाचवतो, डिझेल वाचवतो. मालकाच्या वहीत सपाट रस्त्याचे किलोमीटर जास्त असतात. घाटाचे चार-पाच किलोमीटर त्या वहीत दिसत नाहीत. ते दिसतात चालकाच्या खांद्यात आणि क्लचच्या प्लेटमध्ये. एका दाताचा हा वाद दोघांच्या दृष्टीने खरा आहे. कोणाचा हिशेब चुकलेला नाही, फक्त दोघे दोन वेगळ्या रस्त्यांचा हिशेब करत असतात.

उतरतानाचा गिअर

आतापर्यंत चढाचीच गोष्ट केली. पण घाटात माणसे मरतात ती बहुतेक उतरताना.

१६ टनांचा ट्रक १०० मीटर खाली उतरतो, तेव्हा त्याने चढताना कमावलेली सगळी ऊर्जा कुठे तरी जावी लागते. ती उष्णतेच्या हिशेबात मोजली, तर सुमारे ४७ लिटर थंड पाणी उकळीला आणील एवढी भरते. चालकाने फक्त ब्रेकवर गाडी उतरवली, तर ही सारी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये आणि लायनरमध्ये साठते. तापलेला लायनर पकड सोडतो. पायाखालचे पेडल दाबलेले असते आणि गाडी मात्र थांबत नाही.

यावरचा उपाय त्याच दातांत आहे. गिअर पडलेला असताना पाय काढला, की चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना अडवते. वरच्या गिअरमध्ये ही अडवणूक एक पट असेल, तर तिसऱ्यात त्याच वेगाला इंजिन अडीच पट फेरे घेते आणि चाकावर त्याची पकड अडीच पटीहून अधिक होते. दुसऱ्यात चार पटींहून अधिक. जुन्या चालकांचा नियम यातूनच आला आहे: ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा. हा गिअर घाट लागण्यापूर्वी टाकायचा असतो. गाडी पळू लागल्यावर, विशेषतः सिंक्रोमेश नसलेल्या पेटीत, खालचा गिअर बसत नाही आणि मग न्यूट्रलमध्ये अडकलेल्या गाडीला आवरणारे कोणी उरत नाही.

तरीही उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची खोड आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. कारण एकच सांगितले जाते, डिझेल वाचते. हे खरे नाही. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर इंजिनाला फिरवते, पाय काढलेला असतो, आणि पंपाचा गव्हर्नर डिझेल बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला थोडे थोडे डिझेल जातच राहते. म्हणजे चार थेंब वाचवण्यासाठी जी जोखीम घेतली जाते, तिच्यात ते चार थेंबही वाचत नाहीत. ज्याला मायलेजवरून बोलणी खावी लागतात, त्याला मात्र हा हिशेब कोणी समजावून सांगत नाही.

दसरा ओलांडला, दिवाळी जवळ आली, की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. हौदात आधी धान्याची पोती, पत्र्याच्या पेट्या, चुली, कोपीसाठीच्या चटया आणि बांबू, मग माणसे. नवराबायकोचा एक कोयता, त्यांची पोरे, कधी शेळी, कधी म्हातारी आई. कोणी ट्रकने जातात, कोणी दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरने, तर टायरगाडीवाले बैलांसह. सांगली-कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कर्नाटक. माल वाहायला बनलेल्या गाडीचे ब्रेक आणि गिअर मालाचा हिशेब धरून बनवलेले असतात. वजन म्हणून माणूस आणि पोते सारखेच. पण पोते घाटात रात्री जागे राहून पुढच्या वळणाकडे पाहत नाही. ट्रॅक्टरचे तर त्याहून अवघड. त्याचे खालचे गिअर नांगरटीसाठी पाडलेले, चढ तो हळूहळू का होईना चढतो. पण उतारावर मागच्या दोन ट्रॉल्या त्याला ढकलतात, आणि अशा बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. तिथे गिअर आणि चालकाचा धीर, एवढेच दोन आधार.

घाट नसलेली परीक्षा

गेल्या तीन दशकांत रस्ते बदलले, गाड्याही बदलल्या. धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. छोट्या मोटारींना पाचवा गिअर आला. त्याचे गुणोत्तर १ पेक्षा कमी, म्हणजे इंजिनापेक्षा पुढचा दांडाच जोरात फिरतो. महामार्गावर इंजिन शांत राहते, इंधन वाचते. मोटारीच्या जाहिरातीत लिटरमागे किलोमीटरचा जो आकडा असतो, तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. त्या परीक्षेत गाडीने कधी थांबायचे, कधी निघायचे, किती वेगाने जायचे हे सेकंदासेकंदाला ठरलेले असते. जास्तीत जास्त वेग ९० किलोमीटर. पण त्यात चढ नाही. ज्या परीक्षेचे गुण जाहीर होतात, अभ्यास तिचाच होतो. त्यामुळे आजचे वरचे गिअर जास्तीत जास्त इंधन वाचवतील असे निवडले जाण्याकडे कल असतो. पाच माणसे, टपावर सामान आणि एसी चालू अशा छोट्या गाडीला घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात यावे लागते, तेव्हा त्यात चालकाचा दोष नसतो. गाडी त्या चढाच्या परीक्षेला बसलेलीच नसते.

आता बीडला रेल्वे आली आहे. रेल्वेची रीत वेगळी. ती डोंगराला गिअर टाकत नाही, पूल, भराव आणि खोदाई करून डोंगरच सपाट करून घेते. म्हणून तिला यायला इतकी वर्षे लागली. रस्त्याने मात्र डोंगर होता तसा ठेवला आणि त्याचा भार दातांवर टाकला. शिपायाची चाल, नांगराची चाल, मालकाचे डिझेल, रोलरवरची परीक्षा अशा वेगवेगळ्या मोजपट्ट्यांनी हे दात पाडले गेले. ऊसतोडीला निघालेल्या बाईच्या काळजाची मोजपट्टी त्यांत कधी आली नाही.

या अंकाचे पान तुम्ही उलटत असाल त्या सुमारास कुठल्या तरी घाटाच्या तोंडाशी एक भरलेला ट्रक आलेला असेल. चालक उतार लागण्याआधी क्लच दाबेल, गाडी तिसऱ्यात घेईल आणि पाय ब्रेकवरून उचलेल. इंजिन मोठ्याने ओरडू लागेल, गाडी हळू होईल. हौदात झोपलेले पोर त्या आवाजाने दचकून जागे होईल. त्याची आई त्याला थोपटेल, कारण तिला तो आवाज ओळखीचा असतो. गाडी गिअरमध्ये आहे, एवढेच त्याचा अर्थ.